कासव कोणाच्या टेबलावर

सोमवार, ४ मार्च

आजपासून गट माझा. साहेबांनी सकाळी बोलावून सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या फोनकडेच बघत होते. म्हणजे त्यांची पहिली पसंती मी नव्हते हे उघड आहे. असू दे.

आधीचा प्रमुख नोकरी सोडून गेला, जाताना चार माणसं आणि एक अर्धवट काम मागे ठेवून गेला. काम रक्तपेढीचं. कुठल्या रक्तगटाच्या किती पिशव्या आहेत, कुठलीची मुदत कधी संपते, कुठली कोणाला दिली, हे दाखवणारा नवा प्रोग्राम. त्यांचा जुना बारा वर्षांचा झालाय आणि दिवसातून दोनदा मान टाकतो. मेच्या पहिल्या सोमवारी नवा सुरू व्हायलाच हवा.

"झाला तर गट असाच ठेवू, पुढचं कामही तुम्हालाच," साहेब म्हणाले. "नाही झाला तर चौघांना चार मजल्यांवर वाटून टाकतो. आणि तुम्ही परत तपासणीत."

तपासणीत मी अकरा वर्षं काढली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शेवटच्या दिवशी आपणच बोलणी खायची. परत तिथे जायचं नाही. हा गट फुटू द्यायचा नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच अंग काढून घेता येणार नाही.

गुरुवार, ७ मार्च

कामाची नवी पद्धत सुरू केली. अजाइल म्हणतात तिला, मी तिचं रीतसर शिक्षण घेतलंय. काम एकदम गिळायला जायचं नाही, दोन-दोन आठवड्यांचे घास करायचे. एकेका घासाला स्प्रिंट म्हणायचं. भिंतीवर तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर. रोज सकाळी फळ्यासमोर उभ्यानं बैठक, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच बोलायचं. लोक बसले की पाल्हाळ लावतात, म्हणून त्या कोपऱ्यातल्या खुर्च्याच उचलून सामानाच्या खोलीत ठेवल्या.

माणसं बरी आहेत. जुन्या प्रोग्राममधली माहिती नव्यात आणायचं काम ज्याच्याकडे आहे तो दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. त्याच्या शेजारचा चुळबुळ्या, खुर्चीत कमी आणि खिडकीपाशी जास्त, पण हात भराभर चालतो. तपासणीची बाई शंकेखोर, तिला सूर्य उगवला तरी खात्री करून घ्यावीशी वाटते. आणि चित्रकार, पडद्यावर काय कुठे दिसेल ते ठरवतो, रंगांवरून कोणाशीही भांडतो. मलाही काहीतरी नाव पडलं असावं. मी आत आले की हसणं थांबतं, म्हणजे आदर आहे.

रविवार, १० मार्च

फळा घरीही लावला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा येते, मधले दिवस आईनं स्वतः करायचे. आई आज करते, उद्या विसरते. मग मी फ्रीजच्या दारावर तसेच तीन रकाने केले आणि प्रत्येक व्यायामाची चिठ्ठी चुंबकानं चिकटवली. व्यायाम झाला की चिठ्ठी सरकवायची.

"मी काय तुझ्या हाफिसात नोकरीला आहे का गं?" आई म्हणाली. पण चिठ्ठ्यांचे रंग तिला आवडले. नवरा म्हणाला, "माझ्या चिठ्ठ्या कुठायत?" त्याला म्हटलं, तुझं सगळं 'करायचं' मध्येच राहील, फ्रीज पुरणार नाही.

सोमवार, १८ मार्च

पहिला स्प्रिंट संपला. बहुतेक चिठ्ठ्या 'झालं' मध्ये गेल्या, चुळबुळ्याची एक राहिली. रागावणं माझ्या स्वभावात नाही (नवऱ्याचं मत वेगळं आहे). मी गंमत केली. बसस्टॉपजवळच्या खेळण्यांच्या दुकानातून एक कापडी कासव आणलं होतं, हिरवं, जरा तिरकं हसणारं. नियम असा: ज्याची चिठ्ठी स्प्रिंट संपल्यावरही उरेल त्याच्या टेबलावर कासव, पुढचे दोन आठवडे. सगळे हसले. चुळबुळ्याही हसला, त्याचे कान लाल झाले होते.

मंगळवार, १९ मार्च

चुळबुळ्यानं कासवावर रुमाल टाकलाय. थट्टेखोर आहे.

सोमवार, १ एप्रिल

दुसरा स्प्रिंट. एकही चिठ्ठी उरली नाही! कासव माझ्या खणात परत आलं. शुक्रवारी दुपारपर्यंत 'चालू' मध्ये इतक्या चिठ्ठ्या होत्या की मी त्या दोनदा मोजल्या, पण संध्याकाळी पाहते तर सगळ्या 'झालं' मध्ये. मौनीबाबाची मोठी चिठ्ठीसुद्धा, 'जुन्या पिशव्यांची माहिती आणणे'. आज त्यानं स्वतःहून एक नवी चिठ्ठी लावली: 'जुन्या पिशव्यांची माहिती, किरकोळ सुधारणा'. चुळबुळ्यानंही तशाच दोन लावल्या. टापटीप शिकताहेत.

कामाच्या मोजमापातही शिस्त येतेय. काम किती अवघड आहे त्याचा आकडा सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो. पूर्वी ज्याला तीन म्हणायचे त्याला आता आठ म्हणतात. अधिक जबाबदारीनं विचार करतात. आणि पूर्ण झालेल्या आकड्यांची बेरीज केली तर आलेख कसा सरळ वर चढतोय! साहेबांना पाठवला. त्यांनी उत्तरात अंगठा पाठवला, तो त्यांच्याकडून म्हणजे हारच समजायचा.

बुधवार, ३ एप्रिल

शंकेखोर टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"एक विचारू का? फळ्यावरचं 'झालं' म्हणजे नक्की काय धरायचं आपण?"

"झालं म्हणजे झालं," मी हसून म्हटलं. "त्यात काय धरायचंय?"

"नाही, म्हणजे मी तपासल्यावर झालं, की त्यांनी लिहून संपवल्यावर झालं?"

मला साहेबांच्या खोलीत जायचं होतं. तिला म्हटलं, आपण सावकाश बोलू. ती 'बरं' म्हणून गेली. अशा माणसांमुळे कामाचा वेग मंदावतो, मी स्वतः तपासणीत होते म्हणून मला कळतं.

शनिवार, ६ एप्रिल

आईच्या चिठ्ठ्या रोज मी घरी येईपर्यंत 'झालं' मध्ये असतात, एकही चुकत नाही. गुडघा मात्र तसाच आखडलेला. व्यायामवाली बाई म्हणाली, "करताहेत ना रोज?" मी तिला फ्रीजचा फोटोच दाखवला. ती बघत राहिली. बहुतेक दुसरीकडेही ही पद्धत वापरेल.

आईनं साखरेचा डबा खालच्या फळीवर आणलाय आणि गॅसपाशी एक स्टूल. नवरा म्हणाला, "तुझ्या आईपेक्षा तिच्या चिठ्ठ्याच जास्त चालतात." मी त्याला गप्प केलं. कौतुक करवत नाही याला कोणाचं.

सोमवार, १५ एप्रिल

तिसराही स्प्रिंट पूर्ण. कासव खणातच. मौनीबाबानं 'किरकोळ सुधारणा' संपवून 'उर्वरित किरकोळ सुधारणा' लावली. त्याचे डोळे लाल दिसतात, विचारलं तर म्हणाला, "ठीक आहे." पुढच्या आठवड्यात रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंसमोर रंगीत तालीम. मी तयार आहे.

बुधवार, १७ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी एक कागद घरी राहिला म्हणून परत आले. आईला हाक न मारताच स्वयंपाकघरात गेले. आई स्टुलावर बसली होती, मांडीवर मासिक. तिथूनच हात लांब करून काठीच्या टोकानं फ्रीजवरच्या चिठ्ठ्या एकेक करून 'झालं' मध्ये सरकवत होती. काम मन लावून चाललं होतं. एक चिठ्ठी खाली पडली तर तिला काठीनंच जवळ ओढलं.

"आई!"

ती दचकली. मग काठी खाली टेकवून शांतपणे म्हणाली, "आज लवकर आलीस?"

मी बोलत सुटले. व्यायामवाली बाई, डॉक्टर, माझा विश्वास, सगळं. आईनं बोलू दिलं. मग म्हणाली, "दुखतं गं. फार दुखतं. तिसऱ्या व्यायामाला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा मी नाही केला म्हणून सांगितलं होतं तुला, आठवतंय? तुझा चेहरा पार उतरला. मग तू मला फळा समजावून सांगत बसलीस. तू दारातूनच विचारतेस, चपला काढायच्या आधी, 'झालं का?' झालं म्हटलं की खूश होतेस आणि छान चहा करतेस. मला तो चहा आवडतो."

मी तिथेच फरशीवर बसले. रडू येत होतं आणि हसूही. आई माझ्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

 तिच्या पायाशी बसून मला मौनीबाबाचे लाल डोळे दिसत होते. आणि कासवावरचा रुमाल.

गुरुवार, १८ एप्रिल

सकाळी बैठकीला गेले तेव्हा नेहमीचंच वाक्य तोंडावर होतं. 'झालं का' म्हणायचं नाही एवढं ठरवलं होतं, पण त्याऐवजी काय म्हणायचं ते ठरवायचं राहिलं. तोंडातून निघालं ते असं:

"कुठे दुखतंय?"

चित्रकार फिसकन हसला. चुळबुळ्या म्हणाला, "कोणाला, मॅडम?" मग कोणीच हसलं नाही. प्रश्न मी मागे घेतला नाही. 

"मला," मौनीबाबा म्हणाला.

मग तो बोलला. चार वाक्यांची त्याची शिदोरी त्यानं एका दमात संपवली. रक्तपेढीच्या पूर्वी दोन शाखा होत्या. एका शाखेत तारीख लिहिताना दिवस आधी, दुसरीत महिना आधी. जुन्या प्रोग्राममध्ये दोन्ही एकत्र केल्या आणि कुठली नोंद कुठल्या शाखेची ते कोणी ठेवलंच नाही. चार मेला संपणारी पिशवी नव्यात पाच एप्रिललाच संपलेली दिसते. पाच एप्रिलला संपलेली पिशवी चार मेपर्यंत चांगली दिसते.

"म्हणजे संपलेलं रक्त..." शंकेखोर म्हणाली.

"हो. मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. वाटलं, आठवड्याभरात काढीन तोड. मग स्प्रिंट संपला." तो माझ्या खणाकडे बघत होता. "मला ते टेबलावर नको होतं."

त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. पिशवी दिली की निघायच्या त्या चुळबुळ्याच्या पावत्या छापल्याच जात नाहीत. चित्रकाराच्या दोन पडद्यांमागे काहीच नाही, नुसतं चित्र. शंकेखोरनं 'झालं' मधल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यासुद्धा तपासलेल्या नाहीत, कारण तिच्यापर्यंत त्या आल्याच नाहीत, आणि तिनं मला विचारलं तेव्हा मी सावकाश बोलू म्हणाले होते.

मला राग आला. त्यांचाही आला, खोटं कशाला लिहू. पण मी खण उघडला, कासव काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे आता इथे." मग सामानाच्या खोलीतून खुर्च्या आणल्या. एकीचा पाय मोडका निघाला, ती मी घेतली. 'झालं' मधल्या चिठ्ठ्या एकेक करून परत मागे नेल्या. भिंतीवरचा आलेख फाडला. चुळबुळ्या म्हणाला, "तो संगणकावर आहे, मॅडम, फाडून जात नाही." सगळे हसले, आणि मी तिथेच असताना हसले.

शुक्रवार, १९ एप्रिल

साहेबांना सांगितलं. सगळं, गाळून काही नाही.

"तुम्ही तर दर वेळी चढता आलेख पाठवत होतात," ते म्हणाले.

"चुकीचा होता. आणि तसा तो मीच करून घेतला लोकांकडून."

"तारीख हलणार नाही."

"हलवा म्हणतच नाही. तालमीऐवजी सोमवारी आम्हाला डॉक्टरीणबाईंना भेटू द्या. मौनीबाबाला घेऊन जाते."

"गिऱ्हाइकाला जाऊन सांगणार की काम झालेलं नाही?"

"तुम्हाला सांगितलं, आता त्यांना सांगायचंय."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं असेल. "तुमच्या जबाबदारीवर," म्हणाले. बाहेर येऊन जिन्यात पाणी प्यायले. पण गट अजून माझा आहे आणि सोमवार हातात आहे.

सोमवार, २२ एप्रिल

रक्तपेढीत गेलो. डॉक्टरीणबाई उंच, घाईत, बोलायला फटकळ. मी सुरुवात करणार तोच मौनीबाबानं स्वतःच सांगायला घेतलं, तारखांची उलटापालट, कागदावर आखून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जुन्या पिशव्यांची माहिती तुम्हाला हवीच कशाला?"

"तुमच्या यादीत आहे," मी म्हटलं. "बारा वर्षांची सगळी माहिती."

"ती यादी दीड वर्षापूर्वीची. मागितली म्हणून लिहून दिली. नंतर तुमच्याकडून इथे कोणी फिरकलंच नाही." त्यांनी आम्हाला शीतगृहाच्या काचेपाशी नेलं. "रक्त सव्वा महिन्याच्या वर टिकत नाही. आज इथे दोनेकशे पिशव्या असतील. प्रत्येकीवर तारीख छापलेली आहे, महिन्याच्या नावासकट. एकानं पिशवी हातात घेऊन वाचायची, दुसऱ्यानं भरायची. एका दुपारचं काम. बाकीचं बारा वर्षांचं रक्त केव्हाच कोणाच्या तरी अंगात गेलंय. त्याची मुदत काय चाटायचीय?"

मौनीबाबा हसायला लागला. त्याचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं, मोठं आणि जरा बेसूर. परत येताना तो जिन्यातच बसला.

"दीड महिना, हेडबाई," म्हणाला आणि जीभ चावली.

म्हणजे माझं नाव हेडबाई. लागलं, नाही कसं म्हणू. त्याच्या शेजारी बसले. दीड महिना एक माणूस अशा कामाशी झुंजला ज्याची कोणाला गरजच नव्हती, आणि कळलं त्याच दिवशी तो 'अडलंय' म्हणाला असता तर आम्ही तेव्हाच इथे आलो असतो. तो का म्हणाला नाही ते मला ठाऊक आहे. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चहा पिऊ या."

मंगळवार, ३० एप्रिल

कामाचा धडाका. पावत्या अजून आडमुठेपणा करताहेत. शंकेखोरनं 'झालं' ची व्याख्या मोठ्या अक्षरात लिहून फळ्यावर चिकटवली: दुसऱ्या कोणीतरी वापरून पाहिल्याशिवाय झालं नाही. तिनं आज माझी चिठ्ठीही मागे ढकलली. बरोबर होती ती.

रविवार, ५ मे

दुपारभर रक्तपेढीत होतो. स्वेटर घालून चुळबुळ्या आणि डॉक्टरीणबाईंची माणसं शीतगृहातून एकेक पिशवी आणून तारखा वाचत होती, मी आणि मौनीबाबा भरत होतो, शंकेखोर प्रत्येक पिशवी पुन्हा पडद्याशी ताडून बघत होती. संध्याकाळच्या आत संपलं. गंमत म्हणजे चुळबुळ्या एका जागी टिकून राहिला.

घरी आले तर आई व्यायाम करत होती, नवरा तिचा घोटा धरून. ती कण्हत होती. मी चपला काढल्या, हात धुतले, तिच्याजवळ बसले आणि 'झालं का' विचारलं नाही. आईनंच सांगितलं, "तिसरा अर्धाच होतो बरं का. चिठ्ठी 'चालू' मध्ये राहू दे." मग मी चहा केला. तिला वाटलं नव्हतं मिळेल.

सोमवार, ६ मे

सुरू झाला! सकाळी पहिली पिशवी नव्या प्रोग्राममधून गेली. कोणासाठी ते आम्हाला कळत नाही, नुसता रक्तगट दिसतो. चित्रकाराचे डोळे भरून आले आणि तो रंग चुकलाय म्हणून बडबडत राहिला.

दुपारी साहेबांचा फोन. "झालं ना सगळं?"

जीभ 'हो' म्हणायला निघालीच होती. "नाही," मी म्हटलं. "पिशव्यांचं झालं, शंकेखोरनं तपासलंय. पावत्या अजून हातानं लिहाव्या लागताहेत. जुन्या नोंदी नुसत्या बघण्यापुरत्या पुढे कधीतरी आणू."

 माझ्या डोळ्यांपुढे चार मजले आले.

"पावत्यांना माणूस देऊ का एखादा?" साहेब म्हणाले. गटाचं काय ते मात्र बोलले नाहीत, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवार, १० मे

सकाळी बैठकीला साहेब स्वतः आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, दाराशी उभे राहून घसा खाकरत होते. मी म्हटलं, एक मिनिट, आधी चिठ्ठ्या.

तेवढ्यात मौनीबाबा उठला. माझ्या टेबलापाशी आला, कासव उचललं, नेऊन स्वतःच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं अडलंय."

 चुळबुळ्यानं खुर्ची ओढली, मग शंकेखोरनं, मग चित्रकारानं. मीही माझी मोडकी खुर्ची घेऊन गेले. पाचही जण त्या एका पडद्याभोवती दाटीवाटीनं बसलो आणि अडलं कुठे ते बघायला लागलो.

साहेबांना खुर्ची उरली नाही. ते उभ्यानंच म्हणाले, "बरं का, गट राहतोय." त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं.